उधारीवर जेवलेले शहर : अन्नपूर्णा महिला मंडळाची वाटचाल

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची नोंदणी केली. तेव्हापासून या उद्योगात कोणी किती पैसा घातला, याचे हिशेब नीट ठेवलेले आहेत. भागधारकांचे भाग, बँकांची कर्जे, कापसाच्या दलालांची येणी-देणी, सारे कागदावर सापडते. एक गुंतवणूक मात्र या वह्यांत कधीच आली नाही. गिरणी कामगार आधी महिनाभर राबे आणि नंतर त्याच्या हातात पगार पडे. त्या महिनाभर तो दोन्ही वेळा जेवत होता आणि ते जेवण उधारीचे होते. ही उधारी देणारी बाई लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्हपुढे बसलेली असे. तिच्याजवळ शिक्षण नव्हते, तारण ठेवायला दागिना उरलेला नव्हता आणि तिने आणलेले धान्यही वाण्याकडून उधारीवरच आलेले होते.

अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली उभे राहिले ते या बायकांचे. कर्जवाटप, बचत, वसतिगृह, केटरिंग, कायदेशीर मदत अशा अनेक अंगांनी मंडळाची ओळख करून देता येते. या लेखात ती एकाच प्रश्नाभोवती मांडली आहे. जेवण आज आणि पैसे नंतर, या व्यवहारातला मधला भार कोण उचलते? मंडळाच्या प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

गिरणगाव आणि खानावळ

गिरण्यांना लागणारी माणसे दोन वाटांनी मुंबईत आली. एक वाट कोकणातून बोटीने, दुसरी घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडून रेल्वेने. बहुतेकजण एकटे आले. गावी थोडी शेती होती, आईबाप होते आणि मुंबईत बिऱ्हाड थाटण्याइतका पगार नव्हता. मग एकेका गावाने मिळून एक खोली धरली. त्या खोलीत वीस-वीस माणसांच्या ट्रंका रांगेने लागल्या आणि पाळीनुसार आळीपाळीने वळकट्या पसरल्या गेल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत खोली होती १६० चौरस फुटांची. तिच्यात झोपायची सोय कशीबशी झाली, पण स्वयंपाकाची कुठून होणार?

ती सोय शेजारच्या बाईने केली. ही बाई बहुधा गिरणीशीच बांधलेली असे. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती. सूत उकलण्या-गुंडाळण्याच्या खात्यांत तर बायकांचाच भरणा होता. बाईला रातपाळी कायद्याने बंद होती. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणातल्या भत्त्याचा बोजा मालकावर टाकला आणि नव्या यंत्रांनी जुनी खाती आटवली. बाई कामावर ठेवणे मालकांना महाग वाटू लागले आणि त्यांनी हळूहळू ते टाळले. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत बायका नावापुरत्या उरल्या. गिरणीतून बाहेर पडलेली, नवऱ्यामागे उरलेली, नवऱ्याने टाकलेली, किंवा नवरा क्षयाने वा दारूने अंथरुणाला खिळलेला अशी बाई घरीच खानावळ सुरू करी. त्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नव्हते. गावाकडून आलेले हात आणि गावाकडची चव एवढे पुरेसे होते. कामगारालाही तेच हवे होते. मालवणच्या माणसाला तिरफळाचे सार, खटावच्या माणसाला भाकरी आणि खर्डा. हॉटेलातल्या ताटात हे मिळत नव्हते आणि हॉटेलवाला महिनाभर थांबतही नव्हता.

खानावळीचा दिवस

जेवायला येणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. कुणाकडे दहा मेंबर, कुणाकडे वीस-पंचवीस. सकाळी सातची पाळी धरणाऱ्याचा डबा सहाच्या आत तयार हवा, म्हणून दिवस पहाटे तीन-चारला सुरू होई. चाळीच्या मोरीतले पाणी त्याच वेळी येई. पिंप भरून घ्यायचे, कणीक मळायची, एका बाजूला भाताचे आधण आणि दुसऱ्या बाजूला तवा ठेवायचा. रॉकेल रेशनवर मिळणार, तेव्हा दोन स्टोव्ह एकदम किती वेळ पेटवायचे याचाही हिशेब असे. डब्यात चार चपात्या किंवा दोन भाकऱ्या, एक उसळ किंवा भाजी आणि आमटी-भात. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटे आणि दुसरी लागे, तेव्हा खोलीत पंगत बसे. एकेका वेळी पाच-सहाजण बसणार. बाकीचे गॅलरीत थांबणार. रातपाळीवाल्याचे ताट वेगळे झाकून ठेवायचे. शेवटची भांडी घासून होईपर्यंत मध्यरात्रीचा भोंगा झालेला असे.

आठवड्याचा जेवणाचा क्रमही ठरलेला. एक दिवस मसूर, एक दिवस वाल किंवा चवळी, बुधवारी आणि शुक्रवारी सुकट, जवळा किंवा सुका बोंबील, रविवारी मटण किंवा ताजी मासळी. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, श्रावणात मासळी बंद. तोंडीलावण्याला लोणचे, चटणी आणि गावाहून आलेले सांडगे. एखाद्याला ताप आला तर मऊ भात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. या कामात घरातल्या मुलीही लागत. थोरली चपात्या लाटायची, धाकटी डबे पोचवायची आणि दोघींची शाळा मागे पडायची.

महिन्याच्या हिशेबाला ‘खाडा’ कापला जाई. म्हणजे मेंबर ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवसाचे पैसे वजा. सणाला कामगार गावी गेला की खाडे वाढत. शिमगा, मे महिना आणि गणपती हे कोकणातल्या मेंबरांच्या खानावळीचे मंदीचे दिवस. खोलीचे भाडे, वाण्याचे खाते आणि पोरांची पोटे यांना मात्र खाडा नव्हता.

उधारीची साखळी

आता या व्यवहारातला पैसा कसा फिरत होता ते पाहू. कामगार महिनाभर जेवला, पुढच्या महिन्यात पगार झाला की पैसे देणार. त्यातला बदली कामगार असेल तर रोज गिरणीच्या दारात उभा राहून काम मिळाले तर मिळाले. त्याच्या पगाराची खात्री त्यालाच नाही, तर बाईला कुठून असणार? तरीही ती त्याला ताट वाढत होती, कारण तो गावचा होता, आणि उपाशी ठेवला तर आधीची उधारीही बुडणार होती.

वाण्याकडून धान्य महिन्याच्या खात्यावर यायचे. खात्यावर घेणाऱ्याला वाणी जो भाव लावील तो आणि जो माल देईल तो मुकाट्याने घ्यावा लागे. रोख देणाऱ्याला घासाघीस करता येते, उधारीवाल्याला नाही. वाण्याचे खाते तुंबले की सावकार. सावकाराचे व्याज महिन्याचे असे, वर्षाचे नव्हे. महिन्याला शेकडा दहा दर धरला, तर १,५०० रुपयांवर महिन्याचे व्याज १५० रुपये आणि वर्षाचे १,८०० रुपये. मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याजात गेली, तरी मुद्दल जागच्या जागी उभे. मंगळसूत्रातले मणी एकेक करून जात ते या व्याजापायी.

म्हणजे खानावळवाली एकाच वेळी सावकारही होती आणि कर्जदारही. कामगाराला ती बिनव्याजी उधारी देत होती आणि तीच उधारी स्वतः भरमसाट व्याजाने आणत होती. गिरणीमालकाला पगार महिना उलटल्यावर देणे परवडत होते, ते या फरकाच्या जिवावर.

दुष्काळ, लाटणे आणि ४२ दिवस

१९७२ च्या दुष्काळाने ही साखळी ताणली. धान्य, तेल, रॉकेल सगळेच महागले आणि दुर्मीळ झाले. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या डाव्या पक्षांतल्या नेत्या एकत्र आल्या आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय आहे, हे शहराने त्या वर्षांत पाहिले.

पाठोपाठ १९७४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद झाला, जेवण बंद झाले नाही. खानावळवाल्यांनी वाण्याकडून आणखी उधार उचलले, उरलेसुरले गहाण टाकले आणि ताटे वाढत राहिल्या. संप किती दिवस टिकणार हे युनियनच्या कचेरीत जेवढे ठरते, तेवढेच चाळीतल्या चुलीवरही ठरते, ही गोष्ट त्या काळात एका कार्यकर्तीच्या ध्यानात आली.

त्या कार्यकर्ती म्हणजे प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या. तरुण वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरल्या आणि पुढे मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत, कामगार वस्त्यांत काम करू लागल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. प्रेमाताईंना गिरणगावातली खोली न् खोली माहीत होती, आणि घरातच बँकेच्या कारभाराची जाण होती. खानावळवाल्यांची संघटना बांधायची तर सुरुवात मोर्च्याने करावी की कर्जाने, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या पिढीच्या कार्यकर्त्यांत वेगळे होते. मागणी मालकाकडे करायची तर या बाईला मालकच नव्हता. तिच्या गळ्याभोवतीचा फास सावकाराच्या व्याजाचा होता. तो आधी सैल करायचा होता.

१४ बायका, १,५०० रुपये

१९ जुलै १९६९ रोजी मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ साली विभेदक व्याजदराची योजना आली. अगदी कमी उत्पन्नाच्या माणसाला धंद्यासाठी वर्षाला शेकडा ४ दराने, तारण न मागता कर्ज द्यावे, अशी ती योजना. कागदावर ती खानावळवालीसाठीच बेतल्यासारखी होती. प्रत्यक्षात बँकेच्या अर्जात धंद्याचे नाव, धंद्याची जागा, परवाना असे रकाने होते, आणि या बाईच्या धंद्याला पाटी नव्हती, दुकान नव्हते. जागा विचारली तर ती राहती खोली. जिथे मुले झोपतात तिथेच पंगत बसते, हे बँकेला धंदा म्हणून पटवणे हेच पहिले काम होते.

ते १९७५ साली झाले. १४ खानावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळाले. अन्नपूर्णा महिला मंडळाचा आरंभ या १४ जणींपासून धरला जातो. सावकाराकडे वर्षाला १,८०० रुपये व्याज जाणाऱ्या रकमेवर आता ६० रुपये व्याज बसणार होते. हा फरक समजायला अक्षरओळख लागत नव्हती. बातमी चाळीचाळींतून फिरली आणि अर्जांची रांग लागली.

कर्ज हातात आल्यावर बायकांनी काय केले? अनेकींनी आधी सावकाराचे देणे फेडले. त्यातून उरलेल्या पैशात तांदूळ, डाळ आणि तेल रोखीने, पोत्याने आणि डब्याने घेतले. खात्यावरचा माल बंद झाला, तेव्हा वाण्याशी बोलण्याचा सूरही बदलला. काही पैसा आजारपणात, लग्नात, नवऱ्याच्या हट्टात गेला, हेही या इतिहासात नोंदवायला हवे. घर आणि धंदा एकाच खोलीत असताना त्यांचे पैसे वेगळे राहतील, अशी अपेक्षा फक्त अर्जाच्या रकान्यालाच असू शकते.

तारणाची जागा एकमेकींच्या हमीने घेतली. एका वस्तीतल्या बायकांचा गट, गटाची एक प्रमुख, गटांच्या वर भागाची समिती. अर्ज आला की ती बाई खरेच खानावळ चालवते का, मेंबर किती, देणे किती, याची चौकशी शेजारीण करणार. तिच्याइतकी अचूक माहिती बँकेच्या कोणत्याही अधिकाऱ्याजवळ नव्हती. हप्ता चुकला तर दारात येणारीही तीच. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेने १९७४ साली बायकांची बँक काढली होती. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा प्रयोग १९७६ चा. सूक्ष्मवित्त हे नाव रूढ होण्याआधीच गिरणगावातल्या बायका त्याच वाटेने चालत होत्या, तेही भांडवल स्वतः न उभारता, राष्ट्रीयीकृत बँकेला तिच्याच योजनेची आठवण करून देऊन.

कर्जाच्या पुढे

बँकेत जाण्याने काही गोष्टी आपोआप घडल्या. पासबुकावर बाईचा फोटो आणि नाव आले. अंगठ्याऐवजी सही करायची म्हणून अनेकजणी अक्षरे गिरवू लागल्या. गटाच्या बैठका हप्त्यासाठी भरत, पण गप्पा हप्त्यापाशी थांबत नसत. एकीच्या अंगावरचे वळ, दुसरीच्या नवऱ्याने आणलेली सवत, तिसरीच्या मुलीचे मोडलेले लग्न हे सारे तिथेच निघे. त्यामुळे कायद्याचा सल्ला आणि कुटुंबातल्या हिंसेविरुद्ध मदत हे मंडळाचे काम होऊन बसले. पुढे वाशीला बहुउद्देशीय केंद्र उभे राहिले. तिथे प्रशिक्षण, नोकरदार मुलींचे वसतिगृह आणि मोठे स्वयंपाकघर यांची सोय झाली. आईच्या खानावळीपायी शाळा सुटलेल्या मुलींना दुसरे काही शिकता यावे, हा विचार प्रशिक्षणाच्या मुळाशी होता. मंडळाच्या सभासदांची संख्या या काळात हजारोंवर गेली.

१९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवाल दिला आणि घरात बसून कमावणाऱ्या बाईला कामगार म्हणून मोजा, अशी मागणी देशापुढे आली. मंडळाच्या गटांत हे मोजणे १३ वर्षे आधी सुरू झाले होते.

१८ जानेवारी १९८२

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९७४ च्या अनुभवाने खानावळवाल्यांनी पुन्हा ताटे वाढली. एक महिना, दोन महिने, मग पावसाळा आला. हा संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. कामगार गावी गेले ते त्यातले कितीतरी परतले नाहीत आणि त्यांच्या नावावरची उधारी वहीतच राहिली. कुणी गावाहून तांदळाचे पोते पाठवले, कुणी दोन वर्षांनी येऊन पैसे चुकते केले. बहुतेकांजवळ देण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

मंडळापुढचा प्रश्न आता वेगळा होता. कमी व्याजाच्या कर्जाने सावकार दूर करता आला, पण जेवणाराच नाहीसा झाला तर कर्ज कशासाठी घ्यायचे? स्वस्त भांडवलाला गिऱ्हाईक निर्माण करता येत नाही, हा धडा गिरणगावाने मंडळाला फार महागात शिकवला. पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि चिमण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. खानावळवाल्यांपैकी कुणी घरकामाला लागल्या, कुणी भाजी विकू लागल्या. काहीजणींनी मात्र हातातले कसब सोडले नाही.

सामायिक स्वयंपाकघर

या बायकांना नवा जेवणारा शोधून देणे हे मंडळाच्या केटरिंग विभागाचे काम. मेंबर गेला, पण कचेऱ्या होत्या, बँका होत्या, सभा-संमेलने होती आणि दोघेही नोकरी करतात अशी घरे वाढत होती. या सगळ्यांना हवे होते घरच्यासारखे जेवण: पोळी-भाजी, वरण-भात, कोशिंबीर, थालीपीठ, कोथिंबीर वडी, सणाला पुरणपोळी, दिवाळीला फराळ. माल तोच, पण तो करण्याची रीत बदलावी लागली.

पंचवीस मेंबरांची आमटी करणारी बाई हाताच्या अंदाजाने मीठ घालते. चारशे माणसांच्या आमटीला तोच अंदाज सोळापट करून चालत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी त्या प्रमाणात आटत नाही, तिखट एकदम चढते, फोडणी तळाशी करपते आणि वर पोचत नाही. म्हणून मापे ठरवावी लागली. पोळीचा आकार, लाडवाचे वजन, भाजणीतल्या धान्यांचे प्रमाण हे सगळ्याजणींनी एकच पाळायचे. प्रत्येकीची चव आपापल्या गावची. मालवणी हात ओल्या खोबऱ्याकडे वळतो, घाटावरचा शेंगदाण्याच्या कुटाकडे. त्यातून सगळ्यांना चालेल अशी चव काढताना वाद होत आणि ते पातेल्यापाशीच मिटत. पुरण शिजवल्यावर उरलेल्या कटाची आमटी, आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा फोडणीचा कुसकरा अशा घरगुती काटकसरीला मोठ्या स्वयंपाकघरात जागा किती द्यायची, हाही प्रश्न होता. आजचे आजच संपवायचे, उरलेले उद्याच्या ताटात जायचे नाही, हा नियम विकतच्या जेवणाला पाळावाच लागतो.

इथे एका शेजारणीची आठवण काढणे गरजेचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. दोन्ही संस्था मुंबईच्या, दोन्ही बायकांच्या, दोन्ही स्वयंपाकघरातून निघालेल्या. एकीचा पसारा देशभर गेला आणि दुसरीचा आपल्या शहराभोवती राहिला, याचे एक साधे कारण मालातच आहे. पापड महिनोन्महिने टिकतो. रोखीने विकता येतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत डब्यात थांबतो. ताट थांबत नाही. बारा वाजता केलेले जेवण दोनपर्यंत खपले नाही तर त्याची किंमत शून्य. म्हणून जेवण विकणाऱ्याची बाजू नेहमीच लंगडी राहते आणि घेणारा ‘पैसे नंतर देतो’ म्हणू शकतो.

आणि घेणारा तसे म्हणालाच. मेंबर पगाराला पैसे देत असे. कचेरी बिल पास झाल्यावर देते. बिल टेबलाटेबलावरून फिरते, सहीला थांबते आणि तोवर भाजीवाला, गॅसवाला, पोळ्या लाटणाऱ्या बायका यांना पैसे रोजच्या रोज लागतात. जी उधारी पूर्वी एका बाईच्या डोक्यावर होती, ती आता संस्थेच्या डोक्यावर आली. यात एक मोलाचा फरक पडला. बिल लांबले तरी लाटणारीची मजुरी लांबली नाही, कारण मधला भार मंडळाने पेलला. या लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला मंडळाने दिलेले हे सर्वात भक्कम उत्तर म्हणावे लागेल.

पुण्याकडे आणि पुढे

१९९३ मध्ये प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्यात काम सुरू केले. त्यातून ‘अन्नपूर्णा परिवार’ उभा राहिला. पुण्यातल्या वस्त्यांत गिरण्या नव्हत्या, भाजी विकणाऱ्या, इडल्या करणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यासाठी कर्जासोबत आजारपणाचा आणि मृत्यूचा विमा, पाळणाघर अशी जोड दिली गेली. १,५०० रुपयांतले काही आजारपणात जाते, हे पहिल्या पिढीने अनुभवले होते. दुसऱ्या पिढीने त्या आजारपणाचीच वेगळी तरतूद केली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

आज घरगुती जेवणाचा बाजार पुन्हा भरात आला आहे. फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून डबे निघतात, मोबाइलवर मागणी येते, मोटारसायकलवरून ताट पोचते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे घरात स्वयंपाक करून विकणाऱ्या बाईलाही नोंदणी करावी लागते. १९७५ साली जो धंदा अर्जाच्या रकान्यात बसत नव्हता, त्याला आता नोंदणी क्रमांक मिळतो. मात्र डबा पोचवणारी कंपनी आपले कमिशन कापून पैसे नंतर खात्यात टाकते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली आणि अनेक ठिकाणी ती बचत गटांच्या बायकांनी चालवली. तिथेही गरीब माणूस १० रुपये लगेच देतो आणि उरलेल्या अनुदानासाठी बायकांना सरकारी बिलाची वाट पाहावी लागते. जेवण आज, पैसे नंतर. नवे स्वयंपाकघर काढणाऱ्या बाईला पाककृती आणि पॅकिंग शिकवणारे पुष्कळ आहेत. मधले तीस दिवस कसे काढायचे हे शिकवायला मंडळाच्या अनुभवाइतके दुसरे काही उपयोगाचे नाही.

शेवटी एका अन्यायाची नोंद आणि एक सूचना. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची म्हाडाची सोडत २०१२ साली निघाली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी मस्टरवर नाव असलेला कामगार किंवा त्याचा वारस हा पात्रतेचा निकष होता. त्या कामगाराला वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या, १९७४ आणि १९८२ या दोन्ही संपांत स्वतःचे देणे वाढवून त्याला जगवणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच मस्टरवर नव्हते. तिला घर तर नाहीच, साधा पुरावाही नाही. तिच्याजवळ असतील तर मेंबरांच्या हिशेबाच्या वह्या, खाड्यांच्या खुणा केलेली कॅलेंडरे, बँकेची जुनी पासबुके आणि गटाच्या हप्त्यांच्या नोंदी. यांतल्या बऱ्याच गोष्टी आता नातवंडांच्या माळ्यावर किंवा रद्दीत आहेत. मंडळाने या वह्या-पासबुके गोळा करून त्यांची सूची करावी आणि गिरणगावाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना ती खुली ठेवावी. बँकेच्या अर्जात पन्नास वर्षांपूर्वी या धंद्याला जागा करून घेतली, तशी आता शहराच्या दप्तरातही करून घ्यायला हवी.